संस्थांच्या कागदांचा व्यवसाय : फुकटची मदत महाग पडते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकाची करिअर पुरवणी आमच्या कार्यालयात हातोहात फिरते, कारण आम्हा चौघींपैकी कुणा ना कुणाच्या घरी दर वर्षी एक परीक्षार्थी असतोच. यंदाच्या पुरवणीत सामाजिक क्षेत्रातील संधींना अर्धे पान दिले होते. समाजकार्याची पदवी, पदव्युत्तर अभ्यासक्रम, १९३६ पासून चालत आलेली देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागांतील नोकऱ्या ही सर्व माहिती उपयोगाची आहे. मात्र ते पान वाचून मुलांचा असा समज होईल की, सामाजिक क्षेत्रात जायचे म्हणजे एक तर एखाद्या संस्थेत नोकरी करायची, नाही तर स्वतःची संस्था काढायची. या दोहोंपेक्षा वेगळा असा एक मार्ग आहे, आणि त्या मार्गाने मी गेली सतरा वर्षे ठाण्यात राहून पोट भरते आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझे कार्यालय नौपाड्यात पहिल्या मजल्यावर, जेमतेम पावणेदोनशे चौरस फुटांचे आहे. आम्ही संस्था नाही, ट्रस्ट नाही, मंडळही नाही. आम्ही स्वयंसेवी संस्थांचे हिशेब लिहितो, सभांची इतिवृत्ते नीट करून देतो, धर्मादाय कार्यालयातील अर्ज तयार करतो, देणगीदार कंपन्यांना पाठवायचे प्रस्ताव आणि अहवाल लिहितो, आयकराच्या मुदती सांभाळतो आणि या सगळ्याचे बिल देतो. आमचे ग्राहक सांगायचे तर शहापूर तालुक्यातले मुलींचे एक वसतिगृह, तुर्भ्याच्या दगडखाणींजवळ बालवाडी चालवणारी एक लहानशी संस्था, ऐरोलीतला ज्येष्ठ नागरिकांचा संघ, मुरबाडकडे बंधारे बांधणारा एक गट आणि वाशीतला एका समाजाचा जुना ट्रस्ट, ज्याची घटना, म्हणजे नियमावली, गुजरातीत हाताने लिहिलेली आहे आणि जिचे पहिले पान वाळवीने खाल्ले आहे. वर्षअखेरीला खर्च वजा जाता जे उरते त्याला आम्ही नफा म्हणतो आणि त्यावर आयकर भरतो. 'नफा' हा शब्द उच्चारला की अनेक विश्वस्तांच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे.

'समाजसेवेचे पैसे घेता?' हा प्रश्न मला सुरुवातीची कित्येक वर्षे विचारला गेला. विचारणाऱ्यांत नातेवाईक होते, ग्राहक होते, आणि एकदा तर एका संस्थेच्या वार्षिक सभेत, माझे बिल मंजुरीसाठी ठेवलेले असताना, व्यासपीठावरूनच तो विचारला गेला. मांडव घालणाऱ्याला, छपाई करणाऱ्याला किंवा चहावाल्याला त्या सभेत कोणी असे विचारले नव्हते. मला त्या प्रश्नाचा राग येत नाही, कारण एके काळी मी स्वतःच त्याचे उत्तर 'नाही' असे देत होते. रबाळे येथील एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करत असताना, मावशी विश्वस्त असलेल्या एका संस्थेची खाती मी रविवारी बसून फुकट लिहून देत असे. २००९ मध्ये नोकरी सोडून हेच काम व्यवसाय म्हणून करायचे ठरवले, तेव्हाही दोन संस्थांकडून काही घ्यायचे नाही, असा नेम मी केला होता. तो नेम चौदा वर्षे टिकला आणि २०२३ मध्ये मोडला. तो का मोडला, ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुढे जाणार नाही.

करसवलतीस पात्र असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून मिळालेल्या प्रत्येक देणगीचा तपशील, देणगीदाराच्या ओळख क्रमांकासह, पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे ठरावीक विवरणपत्रात भरावा लागतो. तो भरला की देणगीदाराला द्यायचे प्रमाणपत्र तयार होते, आणि हे प्रमाणपत्र नसेल तर आयकरातील वजावट देणगीदाराला मिळत नाही. पूर्वी छापील पावतीपुस्तकातली पावती फाडून दिली की काम संपत असे. आता पावती हा केवळ आरंभ असतो. २०२३ च्या मे महिन्यात पैसे देणाऱ्या सर्व ग्राहकांची विवरणपत्रे आम्ही वेळेत भरली. फुकटातल्या दोन संस्थांपैकी एकीच्या देणगीदारांचे पॅन क्रमांक अपुरे होते, ते मागवायचे राहिले, 'उद्या करू' म्हणत जून सरला आणि विवरणपत्र ११ जुलैला भरले गेले. विलंबाचे दिवस ४१ झाले. दिवसाला २०० रुपयांप्रमाणे विलंबशुल्क ८,२०० रुपये झाले. ते मी माझ्या खिशातून भरले, परंतु त्या संस्थेच्या देणगीदारांना प्रमाणपत्रासाठी महिनाभर जे ताटकळावे लागले, आणि त्यांतल्या दोघांनी पुढच्या वर्षी देणगी दिलीच नाही, त्याची भरपाई मला करता आली नाही. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम माझ्या टेबलावर नेहमी ढिगाच्या तळाशीच जात होते, हे मला त्या दिवशी मान्य करावे लागले. तेव्हापासून त्या संस्थेला मी महिन्याला दीड हजार रुपयांचे बिल देते. रक्कम लहान आहे, पण आता त्यांचे काम उशिरा झाले तर अध्यक्षबाई मला हक्काने फोन करून जाब विचारतात; पूर्वी त्या संकोचाने गप्प बसत.

फुकटच्या मदतीचा याहून मोठा फटका बसलेला मी पाहिला तो एका वसतिगृहाच्या संस्थेत. महाराष्ट्रात बहुतेक संस्थांची दुहेरी नोंदणी असते : १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली एक आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली दुसरी. या दुसऱ्या कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला किंवा मालमत्ता घेतली, तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो. आमच्या व्यवहारात त्याला सगळे जण 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. अर्जासोबत सभेची सूचना, इतिवृत्त, ठरावाची प्रत, जाणाऱ्या-येणाऱ्या विश्वस्तांची संमतिपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे लागतात. अर्ज मंजूर झाला की मगच सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीच्या उताऱ्यावर, म्हणजे आमच्या भाषेत 'पीटीआर'वर, नवे नाव चढते. या संस्थेचे हे काम विश्वस्तांच्या ओळखीतले एक सद्गृहस्थ मोबदला न घेता करत होते. ते सज्जन होते, निवृत्त होते आणि प्रत्येक वेळी 'करून टाकतो' म्हणत. अकरा वर्षांत संस्थेची कार्यकारिणी तीनदा बदलली आणि त्यांनी एकही अर्ज दिला नाही. मोबदला घेत नसल्यामुळे त्यांना कोणी विचारले नाही. विचारणे कृतघ्नपणाचे वाटले असते.

मग एका कंपनीने वसतिगृहात सौर पाणीतापक आणि नवी स्वच्छतागृहे बसवण्यासाठी निधी द्यायची तयारी दाखवली. कंपनीचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी घेण्यासाठी संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून तिच्याशिवाय हा निधी घेता येत नाही आणि तिच्यावर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते. कंपनीच्या माणसांनी पीटीआरचा उतारा मागितला. उताऱ्यावरील सात नावांपैकी चार विश्वस्त हयात नव्हते. सही करणाऱ्या कार्यवाह उताऱ्यावर नव्हत्याच. पुढे विलंबमाफीचा अर्ज, जुन्या सभांची इतिवृत्ते शोधणे, मृत्यूचे दाखले, वारसांच्या गाठीभेटी, तारखा या सगळ्यात चौदा महिने गेले. कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले आणि तो निधी दुसऱ्या संस्थेकडे गेला. वसतिगृहातल्या मुलींनी आणखी दोन हिवाळे थंड पाण्याने आंघोळ केली. त्या सद्गृहस्थांना मी दोष देत नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, ज्यात जबाबदारीचे काम उपकार म्हणून दिले आणि घेतले गेले.

आता मुदतींचे ओझे पूर्वीपेक्षा बरेच वाढले आहे. १९६१ च्या आयकर कायद्याखालील १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) या नोंदण्या एकदा मिळाल्या की कायमच्या, असे पूर्वी चालत असे. २०२० च्या वित्त कायद्याने ही पद्धत बदलली आणि जुन्या संस्थांनाही पाच वर्षांच्या मुदतीची नवी नोंदणी घ्यावी लागली. त्या अर्जाची अंतिम तारीख सरकारने इतक्या वेळा पुढे ढकलली की शेवटची तारीख ३० जून २०२४ पर्यंत गेली, आणि तरीही राहून गेलेल्या संस्था माझ्या माहितीत आहेत. ज्यांची नोंदणी वेळेत झाली त्यांची पहिली पाच वर्षे ३१ मार्च २०२६ पर्यंतची आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, द्यायचा होता. पहिल्या वेळी साधा अर्ज पुरला होता. या वेळी तीन वर्षांचे हिशेब, कामाचे पुरावे, घटनेची प्रत असे सगळे तपासले जाते. त्यातच १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख, त्यामुळे आम्ही इतकी वर्षे तोंडपाठ केलेले कलमांचे आकडेही बदलले. मधल्या काळात धर्मादाय कार्यालयाचे हिशेबपत्रक, सप्टेंबरअखेरीचा आयकराचा लेखापरीक्षण अहवाल आणि परदेशी देणगी घेणाऱ्यांसाठी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ हे विवरणपत्र, असे चक्र चालूच असते. मुरबाडच्या डोंगरात बंधारा बांधणाऱ्या माणसाने हे सगळे लक्षात ठेवावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याने बंधारा बांधावा.

म्हणजे काम आहे आणि ते करणारी प्रशिक्षित माणसे हवी आहेत. मग अडते कोठे? अडते ते बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, यावर. आणि येथे मला देणगीदार कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी थेट बोलायचे आहे, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कंपन्यांची कार्यालये आणि कारखाने भरपूर आहेत.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्याच्या नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. हा पाच टक्क्यांचा आकडा कंपन्यांची माणसे आम्हाला ऐकवतात आणि संस्थेचा हिशेबनीस, तिचे कार्यालय, तिचा लेखापरीक्षक, शिवाय आमचे बिल, सारे त्या पाच टक्क्यांत बसवा, असे सांगतात. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेले नियम मी अनेकदा वाचले आहेत. त्यांतील व्याख्येप्रमाणे प्रशासकीय खर्च म्हणजे कंपनीने स्वतःच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यातून वगळला आहे. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीवर आहे, संस्थेवर नाही. तरीही एका प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून अधिकाऱ्याने माझ्यासमोर 'हिशेब व अहवाल' ही ओळ खोडली आणि त्याच बैठकीत दर महिन्याला खर्चाचा तक्ता, छायाचित्रे, लाभार्थ्यांची यादी आणि तिमाही अहवाल मागितला. तो तक्ता कोण भरणार, हे मी विचारले. 'तुमच्याकडे कोणीतरी असेलच ना,' असे उत्तर मिळाले.

परदेशी देणगीच्या बाबतीत मात्र मर्यादा खरोखर संस्थेवरच आहे, हेही सांगायला हवे. परदेशी देणगी नियमन कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची ही मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. त्या कायद्याच्या नियमांत हिशेब ठेवण्याचा खर्च, अहवाल लिहून दाखल करण्याचा खर्च आणि कायदेशीर व व्यावसायिक शुल्क हे सगळे प्रशासकीय खर्चातच मोजले आहे, म्हणजे आमचे बिल तेथे त्या वीस टक्क्यांतूनच निघते. हा फरक समजून घेऊन अंदाजपत्रक करणे हेच आमचे काम, आणि दोन वेगळ्या कायद्यांचे आकडे एकमेकांत मिसळून लहान संस्थेचे हात बांधणे ही निव्वळ बेफिकिरी आहे.

या दुरुस्तीचा चटका मला व्यवसाय म्हणूनही बसला. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास त्या दुरुस्तीने बंदी घातली. माझी सर्वांत मोठी ग्राहक संस्था एका मोठ्या संस्थेकडून अशीच रक्कम घेऊन काम करत होती. तिचे उत्पन्न एका महिन्यात आटले आणि माझ्या वार्षिक उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा तिच्याबरोबर गेला. टाळेबंदीचे वर्ष होते. कार्यालयाचे भाडे भरायला मी मुदतठेव मोडली. त्यानंतर एका ग्राहकाकडून एकूण उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून अधिक रक्कम येऊ द्यायची नाही, हे मी ठरवले आणि ते आजवर पाळले आहे.

या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना खरे आकडे सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे पैसे देणारे तीन ग्राहक होते आणि घर माझ्या यजमानांच्या पगारावर चालले. सोडलेल्या नोकरीच्या पगाराइतके उत्पन्न व्हायला चार वर्षे लागली. आज लहान संस्थेकडून महिन्याला दीड ते पाच हजार आणि मध्यम संस्थेकडून आठ ते बारा हजार रुपये येतात, प्रस्ताव आणि वार्षिक अहवाल यांचे पैसे वेगळे. तीन सहकाऱ्यांचे पगार आणि भाडे भागून माझे घर नीट चालते. बंगला बांधता येत नाही. बिले उशिरा येतात, कारण संस्थेचे अनुदानच उशिरा येते, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच यात उतरावे. आणखी एक विचित्र अडचण अशी, की सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कर नोंदणी घ्यावी लागते आणि आपल्या बिलावर १८ टक्के कर चढतो. कारखान्याला तो कर वजावटीत परत मिळतो; आमच्या बहुतेक संस्थांना मिळत नाही, त्यामुळे तो सरळ त्यांचा खर्च होतो. ज्या वर्षी माझा व्यवसाय त्या रेषेपलीकडे गेला, त्या वर्षी आनंद मानावा की ग्राहकांची माफी मागावी, हे मला कळेना. मी अर्धा भार स्वतःचे दर कमी करून सोसला. धर्मादाय संस्थांना पुरवलेल्या हिशेब आणि अनुपालन (कायद्याने लागणारे अर्ज व विवरणपत्रे वेळेत भरणे) सेवांवरील हा कर माफ व्हावा, अशी मागणी विश्वस्तांनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे, परंतु विश्वस्त एकत्र येतात ते बहुधा वार्षिक स्नेहभोजनाला.

शिक्षणाचे म्हणाल तर वाणिज्य शाखेची पदवी आणि संगणकावर हिशेब लिहिण्याची सवय हा पाया पुरेसा आहे. हिशेब तपासण्याचे काम सनदी लेखापालाचेच आहे. आम्ही हिशेब लिहितो, तपासत नाही, आणि लिहिणारा व तपासणारा एकच असू नये, हे पथ्य कसोशीने पाळायचे. पण केवळ हिशेब येणारी माणसे पुष्कळ आहेत. या कामात खरा तुटवडा आहे तो स्वच्छ लिहिणाऱ्यांचा. धर्मादाय कार्यालयातले कागद मराठीत असतात. ठरावात एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्ज परत येतो. दुसरीकडे कंपनीचा प्रस्ताव इंग्रजीत लागतो आणि त्यात तुर्भ्याच्या खाणीवरल्या मुलाच्या आईने ठेवणीतल्या मराठवाडी बोलीत सांगितलेली गोष्ट, तिचा मान राखून उतरवावी लागते. या दोन्ही भाषांत सहज वावरणारी मुलगी मला मिळाली, तर तिची पदवी कोणती आहे, हे मी विचारणार नाही. ठाण्यात राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे : शहर आणि पाडा यांतले अंतर येथे कमी आहे. सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीतल्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत बैठक करून दुपारी येऊरच्या पाड्यावर लाभार्थ्यांची यादी पडताळता येते. मात्र ज्या संस्थेचे काम आपण डोळ्यांनी पाहिलेले नाही, तिचा अहवाल लिहू नये. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाकडे एक दिवस नुसते बसायचे, हा आमचा नियम आहे आणि त्या दिवसाचे आम्ही बिल लावत नाही. (एवढी फुकट सेवा शिल्लक आहे.)

दोन गोष्टींपासून नवख्यांनी कटाक्षाने दूर राहावे. 'निधी मिळवून द्या, दहा टक्के तुमचे' असा प्रस्ताव या क्षेत्रात वरचेवर येतो. मी तो कधीच स्वीकारत नाही. देणगीदाराने मुलांच्या जेवणासाठी दिलेल्या रकमेतून टक्केवारी काढली, की प्रस्तावातले आकडे कोणाच्या सोयीने फुगतील, हे सांगायला नको. प्रस्ताव लिहिण्याचे ठरावीक शुल्क घ्यावे, मग निधी मिळो वा न मिळो. दुसरी गोष्ट नात्यागोत्याची. विश्वस्ताच्या भाच्याने किंवा सुनेने पैसे घेऊन संस्थेचे काम करण्यास कायद्याची सरसकट बंदी नाही, पण विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला दिलेला मोबदला कामाच्या मानाने वाजवीपेक्षा अधिक ठरला, तर आयकर कायद्याखाली संस्थेच्या करमाफीला धक्का बसतो. म्हणून मावशीच्या संस्थेचे काम मी व्यवसाय सुरू केला त्याच वर्षी सोडले. मावशी दोन दिवाळ्या माझ्याशी बोलली नाही.

विश्वस्तांना माझे सांगणे एवढेच आहे, की वर्षाच्या अंदाजपत्रकात हिशेब आणि अनुपालन यासाठी वेगळी ओळ ठेवावी आणि ती लपवू नये. ती 'किरकोळ खर्चा'त दडवली, की लेखापरीक्षकाला किरकोळ खर्च मोठा दिसतो आणि देणगीदाराला संस्था गबाळी वाटते. काम बाहेर देताना लेखी करार करावा, त्यात कोणत्या तारखेला काय द्यायचे, हे लिहावे आणि तारीख चुकली तर विलंबशुल्क कोण भरणार, हेही लिहावे. आयकराच्या आणि धर्मादाय कार्यालयाच्या संकेतस्थळांची सांकेतिक अक्षरे (पासवर्ड), नोंदणीकृत मोबाइल क्रमांक आणि ईमेल संस्थेच्या ताब्यात असावीत, आमच्यासारख्यांच्या नव्हे. एका संस्थेचा ओटीपी तीन वर्षे नाशिकला बदली होऊन गेलेल्या एका माजी लेखनिकाच्या फोनवर जात होता; दर वेळी त्याला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गाठावे लागे.

आपल्या पुरवणीकडे माझी विनंती आहे, की पुढील वर्षी सामाजिक क्षेत्रावरील पानात या व्यवसायाला चार ओळी द्याव्यात आणि तो 'सेवाभावी वृत्तीच्या तरुणांसाठी' अशा शीर्षकाखाली छापू नये. सेवाभावी वृत्ती असलेले अर्ज माझ्याकडे पुष्कळ येतात. जूनपासून माझ्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे, अकरा जणींनी भेट घेतली, त्यांतल्या आठ जणींनी पगाराचा विषय आपणहून काढला नाही आणि मी विचारल्यावर 'तुम्ही द्याल ते' म्हणाल्या. त्या आठ जणींना मी परत बोलावलेले नाही. उरलेल्या तिघींपैकी एकीने नोकरीची वेळ, पगार, वार्षिक वाढ आणि मे महिन्यात रविवारी यावे लागल्यास त्याचा मोबदला असे चार प्रश्न कागदावर लिहून आणले होते. ती पुढच्या सोमवारपासून रुजू होत आहे.

आपली,
एक व्यावसायिक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

(ग्राहक संस्था ओळखू येऊ नयेत यासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)